वस्त्रगाळ

मार्चमधला शनिवार. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी त्यावर तीन वस्तू मांडल्या आहेत. पहिली, घड्या घातलेल्या पिवळसर कागदाचं एक नळकांडं. त्याच्या दोन्ही टोकांना चकत्या आहेत, आणि सोबतच्या पिशवीत रबराची तीन कडी. दुसरी, एक काळा बंद डबा, तोंडाशी आटे असलेला. तिसरी, अॅल्युमिनियमचा एक जाडजूड तुकडा. तो इंजिनाच्या कुशीत बसवला की काळा डबा फिरवून लावायला जागा होते. गेले पंधरा दिवस मी ही खोकी उघडतो, वस्तू हातात घेतो आणि परत ठेवून देतो. आज तेल बदलायचं आहे, म्हणजे ठरवायलाच हवं.

गाडी आहे 1965 सालची एमजीबी. गडद हिरवी, दोन माणसांची, कापडी टपाची. एमजीबी 1962 ते 1980 अशी अठरा वर्षं निघत राहिली आणि सगळे प्रकार धरून पाच लाखांहून जास्त बनल्या. त्यातल्या बहुतेक इंग्लंडमधल्या अॅबिंग्डन गावी जुळल्या. सांगाडे स्विंडनहून यायचे, इंजिनंही बाहेरून यायची. अॅबिंग्डनला ते सगळं एकत्र व्हायचं आणि पुढच्या जाळीवर अष्टकोनी बिल्ला लागायचा. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डमधलं विल्यम मॉरिसचं गाड्यांचं दुकान. तिथल्या सेसिल किंबर नावाच्या व्यवस्थापकाने मॉरिसच्या साध्या गाड्यांवर देखणी अंगं चढवायला सुरुवात केली आणि त्यातून हे सगळं उभं राहिलं. कारखाना 1980च्या ऑक्टोबरात बंद झाला. मी राहतो तिथून त्या जागेपर्यंत चालत जाता येतं. शेजारीच एमजी कार क्लबची कचेरी आहे, तिला किंबरचं नाव दिलेलं आहे. ज्या गावात गाडी जन्मली त्याच गावात ती आज माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे, याचं मला अजूनही रोज नवल वाटतं.

पण मी ही गाडी घेतली ती अॅबिंग्डनमुळे नाही. एका रविवारी गावातल्या मैदानावर जुन्या गाड्या उभ्या होत्या. त्यातल्या एकीचं बॉनेट उघडं होतं आणि मालक शेजारी खुर्ची टाकून बसला होता. मी सहज आत डोकावलो आणि तिथेच थबकलो. झाकणाची ती गोलसर उंची, उजवीकडे डिस्ट्रिब्युटर, त्याच्या खालच्या अंगाला तेलाच्या गाळणीचा लोंबता डबा. हे इंजिन मी ओळखत होतो. लहानपणी मी ते शेकडो वेळा पाहिलं होतं, साताऱ्यात, सरकारी वसाहतीच्या आवारात, अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, अॅम्बॅसिडरमध्ये.

नातं खरंच रक्ताचं आहे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ज्याला बी-सिरीज म्हणतात त्या घराण्यातलं 1489 सीसीचं इंजिन मॉरिस ऑक्सफर्डमध्ये होतं, आणि 1955 साली आलेल्या एमजीए या देखण्या स्पोर्ट्‌स कारमध्येही होतं. ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेचं सगळं सामान घेऊन हिंदुस्तान मोटर्सने बंगालमध्ये उत्तरपाड्याला अॅम्बॅसिडर उभी केली, आणि थोड्याच काळात तिच्यात हेच 1489 सीसीचं इंजिन बसलं. तेच पुढे फुगवून 1798 सीसीचं झालं, ते एमजीबीचं. म्हणजे एक भाऊ कलेक्टर कचेरीत चाकरीला लागला आणि दुसरा शर्यतीच्या मैदानावर गेला. इंग्लंडमधला कारखाना बंद होऊन तीस वर्षं उलटल्यावरही उत्तरपाड्याची अॅम्बॅसिडर चालूच होती. ती थांबली 2014 साली.

अण्णा सरकारी चालक. पाटण, कोयनानगर, महाबळेश्वर, घाट आणि धूळ. साहेबांना कचेरीत सोडलं की उरलेला वेळ ते गाडीला द्यायचे. ऑइल बदलायचं काम खरं तर खात्याच्या वर्कशॉपचं. पण अण्णांना ते दुसऱ्याच्या हाती द्यायला आवडत नसे. रविवारी सकाळी गाडी गरम करून आणायची, तेलाच्या चेंबरखाली घमेलं सरकवायचं, नट काढायचा. तेल घमेल्यात उतरेपर्यंत फिल्टरचा डबा सोडायचा. लांब बोल्ट, त्यावर डबा, डब्यात एलिमेंट. मग अण्णा ते तेलाने निथळणारं नळकांडं वर्तमानपत्रावर आडवं ठेवायचे, दाढीच्या ब्लेडने त्याची कड कापायचे आणि कागदाच्या घड्या एकेक करून उलगडायचे. उन्हात. नेहमी उन्हात. मला शेजारी उकिडवं बसवून म्हणायचे, “बघ रे, ही पाकळी तिरकी धर. चमकतंय का काही?”

चमकणाऱ्या गोष्टींचे प्रकार असतात हे मला तिथे कळलं. लोखंडाचा कण असेल तर लोहचुंबकाला चिकटतो. तो चिकटला की अण्णा विचारात पडायचे. पांढुरका, मंद चमकणारा आणि चुंबकाला न जुमानणारा कण पिस्टनचा असू शकतो. राखाडी चकाकी बेअरिंगच्या वरच्या मऊ थराची, ती थोडीफार असायचीच. पण तांबूस छटा दिसली तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन आतलं तांबं उघडं पडलं. एकदा ती दिसली होती. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी गाडी वर्कशॉपला लावली आणि तिथल्या वस्तादांना तो कागद घडी करून दाखवला. इंजिनाने तोवर आवाजही केला नव्हता.

ही सवय अण्णांना कुठून लागली हे मला पुष्कळ उशिरा उमगलं. आजीकडून. आमच्या गावी आजी पिण्याचं पाणी हंड्याच्या तोंडावर दुपदरी धुवट फडकं बांधून गाळायची. हे तर घरोघरी चालायचं. पण आजी पाणी गाळून झालं की ते फडकं झटकून टाकत नसे. आधी उजेडात धरून बघायची. बारीक रेती असेल तर म्हणायची, वर कुणीतरी नदीत उतरून वाळू काढतंय. तांबडी माती आली तर डोंगरात पाऊस झालाय. सुंठ कुटली की ती वस्त्रगाळ करायची, आणि फडक्यावर उरलेल्या चोथ्याकडे बघून ठरवायची की यंदाची सुंठ जून आहे की कोवळी. गाळणी खाली स्वच्छ पाणी देते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती वरची बातमीही देते, हे आमच्या घरात आजीला ठाऊक होतं, आणि तिच्या मुलाने ते पाण्यावरून तेलावर नेलं.

मोटारीच्या तेलाला गाळणी असावी ही कल्पना तशी नवी आहे. सुरुवातीच्या गाड्यांना पंपापाशी फार तर एक जाळी असे. तेल लवकर खराब व्हायचं आणि पुन्हापुन्हा बदलावं लागायचं. अर्नेस्ट स्वीटलँड या अमेरिकन संशोधकाने 1923 साली तेलाच्या गाळणीचं पेटंट घेतलं. तिला नाव दिलं प्युरोलेटर, म्हणजे ‘नंतर शुद्ध तेल’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द जोडून केलेला एक शब्द. या पहिल्या गाळण्यांतून सगळं तेल जात नसे. थोडा हिस्सा गाळणीकडे वळवायचा, बाकीचं न गाळताच बेअरिंगकडे. फिरत फिरत कधीतरी सगळ्याची पाळी येईल, असा हिशेब. पंपातून निघालेल्या साऱ्या तेलाने आधी गाळणीतून जावं आणि मगच बेअरिंगला भेटावं, ही पद्धत रूढ व्हायला दुसरं महायुद्ध उलटावं लागलं. माझ्या गाडीत ती आहे.

ती का हवी हे आकड्यांत सांगतो, कारण हे आकडे मला फार सुंदर वाटतात. एमजीबीच्या बिग-एंड बेअरिंगमध्ये आणि क्रँकमध्ये जी फट ठेवतात ती एक थौपासून पावणेतीन थौपर्यंत. थौ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. माणसाचा केस तीन थौच्या आसपास जाड असतो. म्हणजे केसाहूनही अरुंद जागेत तेलाचा एक पडदा असतो आणि त्या पडद्यावर क्रँक मिनिटाला पाच हजार वेळा फिरतो. धातूने धातूला शिवायचं नाही. त्या फटीएवढा एखादा कण आत शिरला तर तो बेअरिंगच्या मऊ अंगात रुततो आणि तिथून क्रँकवर ओरखडा काढत बसतो. टेबलावरच्या या पिवळ्या कागदाचं काम एवढंच, की तसला कण आत जाऊ द्यायचा नाही.

आता त्या कागदाच्या डब्याबद्दल. तो ज्याने कधी सोडला असेल त्याला मी काय म्हणतो ते लगेच कळेल. माझ्या गाडीच्या वयाच्या एमजीबीत तो डबा खाली लोंबतो. त्याच्या बुडातून एक लांब बोल्ट वर जातो आणि इंजिनावर बसवलेल्या गाळणीच्या डोक्यात आवळला जातो. बोल्टवर आतून एक क्रम असतो: स्प्रिंग, पत्र्याचा वायसर, नमद्याचा किंवा रबराचा एक छोटा वायसर, मग एक वाटीसारखी पत्र्याची प्लेट, आणि तिच्यावर एलिमेंट. स्प्रिंग प्लेटला वर ढकलते, प्लेट एलिमेंटला, आणि एलिमेंट वरच्या डोक्याला घट्ट टेकतं. तो छोटा नमद्याचा वायसर बोल्ट आणि प्लेट यांच्यातली फट बुजवतो. करंगळीच्या नखाएवढ्या रुंदीचं ते एक कडं. तो नसला तर पंपाने दाबलेलं तेल बोल्टच्या कडेने सरळ एलिमेंटच्या पोटात शिरतं. कागदाला वळसा घालून. बाहेरून काहीच कळत नाही. प्रेशर चांगलं दिसतं, गळती नसते, आणि एलिमेंट काढलं तर कोऱ्यासारखं स्वच्छ.

माझ्या गाडीत हेच झालेलं होतं. गाडी घेतल्यावर पहिल्यांदा मी फिल्टर उघडला तेव्हा पाकळ्या उलगडून बघितल्या, आणि मला आनंद झाला. किती स्वच्छ! दोन दिवस मी त्या आनंदात होतो. तिसऱ्या दिवशी साताऱ्याला फोन केला तेव्हा कौतुकाने सांगितलं. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तेल कसं होतं?”

“काळं. घट्ट.”

“तेल काळं आणि कागद कोरा? असं कसं होईल?”

डबा पुन्हा उतरवला. बोल्टवर स्प्रिंग होती, पत्र्याचा वायसर होता, प्लेट होती. नमद्याचा वायसर नव्हता. आधीच्या कुठल्या तरी मालकाच्या किंवा मेकॅनिकच्या हातून, कधीतरी एका घाईच्या संध्याकाळी, तो जुन्या एलिमेंटबरोबर कचऱ्यात गेला असणार. त्यानंतर किती वर्षं, किती हजार मैल हे इंजिन न गाळलेलं तेल पीत होतं, कोण जाणे. दर वेळी नवं एलिमेंट बसवलं जात होतं आणि दर वेळी तेल त्याच्या शेजारून निघून जात होतं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दोन पेनींची वस्तू, पण ती नसल्याने बाकी सगळ्याचा नुसता देखावा झाला होता. चेंबर उतरवून बेअरिंगं तपासेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दोन बदलावी लागली. क्रँक वाचला.

तर असा हा डबा. त्याच्यात चुकायला जागा पुष्कळ. म्हणूनच काळ्या बंद डब्याचा मोह पडतो, आणि तो मोह मी हलका मानत नाही. बंद डबा म्हणजे कागद, प्लेट, स्प्रिंग, झडप, सगळं कारखान्यात बसवून पत्र्यात शिवलेलं. हाताने फिरवून लावायचा, रबर टेकल्यावर आणखी पाऊण फेरा, झालं. वायसर हरवायचा प्रश्न नाही. एमजीबीलाही पुढच्या काळात कारखान्यातूनच असे डबे आले. ज्यांच्या गाड्या जुन्या, त्यांच्यासाठी टेबलावर आहे तसला जोडतुकडा मिळतो.

पण डबा निवडणं सोपं आहे असं ज्यांना वाटतं त्यांना माझा मित्र भेटवायला हवा. त्याची एमजीबी 1970च्या दशकातली. तिच्यात डबा लोंबत नाही. डोक्यावर उलटा उभा असतो. बदलायला सोपा पडतो, गाडीखाली शिरावं लागत नाही. मात्र आपल्याकडे पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, त्यातला घडा तो हाच. गाडी उभी राहिली की डब्यातलं तेल हळूहळू खाली चेंबरमध्ये उतरतं. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू केली की पंपाला आधी हा रिकामा डबा भरावा लागतो, आणि तेवढे सेकंद बेअरिंगं कालच्या ओलाव्यावर फिरतात. मित्राच्या गाडीत मी स्वतः बसून मोजलं आहे: किल्ली फिरवली, इंजिन लागलं, आणि प्रेशरचा काटा सहा सेकंद जागचा हलला नाही. त्या सहा सेकंदांत इंजिनाचा आवाज कोरडा येतो. मला तो ऐकवला नाही.

यावर उपाय म्हणून चांगल्या डब्यात रबराची एक पाकळी असते. तेल आत येताना ती वाकते, परत जायला लागलं की चिकटून बसते. सगळी मदार त्या पाकळीवर. साध्या नायट्राइल रबराची पाकळी तापून तापून कडक होते आणि मग नीट मिटत नाही. सिलिकॉनची मऊ राहते. बाहेरून दोन्ही डबे सारखेच. मित्राने चार निरनिराळे डबे लावून पाहिले. आता त्याला एक असा सापडलाय की रात्रभर उभ्या गाडीचा काटा दोन सेकंदांत उठतो. तो त्याच मेकचे सहा डबे घेऊन ठेवतो, आणि मला ते अगदी बरोबर वाटतं.

शिवाय आट्यांचा धोका. या गाड्यांना डब्याचे आटे पाऊण इंची, इंचाला सोळा. बाजारात 20 मिलिमीटरच्या मेट्रिक आट्यांचे डबेही त्याच आकाराचे, त्याच रंगाचे मिळतात. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर. फरक एका मिलिमीटरहून कमी. त्यामुळे चुकीचा डबा हातात घेतला तरी तो फिरतो, बसतो, रबर टेकतं, घट्ट झाल्यासारखा वाटतो. आट्यांनी मात्र एकमेकांना नीट धरलेलं नसतं. थंडीत तेल घट्ट असतं, प्रेशर एकदम चढतं, आणि डबा उडून पडू शकतो. पाठोपाठ सगळं तेल रस्त्यावर. अजिबात न बसणारी वस्तू कुणाचा घात करत नाही. जवळजवळ बसणारीपासून जपायला हवं.

माझा डबा लोंबता, म्हणजे सुलटा. तांब्यासारखा. रात्रभर उभी राहिली तरी तेल त्याच्यात राहतं. जोडतुकडा लावून काळा डबा घातला तरी तो लोंबताच राहील, पाकळीची चिंता नाही. लावण्याआधी त्यात तेल भरूनही ठेवता येईल. काम अर्ध्या वेळात होईल. वर्षातून एकदाच तर करायचं. माझी गाडी वर्षाला हजार मैलही जात नाही, पण छोट्या फेऱ्यांत तेलात पाणी आणि पेट्रोल उतरत राहतं, म्हणून मैलांवर न जाता दर वसंतात मी तेल बदलतोच. माझं वय साठीकडे झुकलंय. मार्चच्या गारठ्यात काँक्रीटवर उताणं पडून, डोळ्यांवर तेल घेत, वर अंधारात खाचेतलं रबराचं कडं बोटाने चाचपणं हे आता अंगाला जड जातं. बायको कालच म्हणाली, “अहो, तो दुसरा डबा आणलाय ना? मग लावा की.” तिचं म्हणणं खोटं नाही.

अस्सलपणाचा मुद्दा मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही, हेही सांगून टाकतो. गाडी जशी कारखान्यातून आली तशीच ठेवावी, असा आग्रह धरणारी माणसं या छंदात आहेत आणि त्यांच्यामुळे पुष्कळ काही टिकलं आहे. पण 1965 साली तो लोंबता डबा बसवणाऱ्यांनी तो अस्सल म्हणून बसवला नव्हता; त्यांच्या हाताशी होतं त्यातलं बरं ते बसवलं. पुढे अधिक बरं मिळालं तेव्हा त्यांनीच ते बदललं. बंद डब्याने इंजिन अधिक सुरक्षित राहत असेल तर मी तो आजच लावेन.

माझं अडतं ते दुसरीकडे. बंद डबा मला काही सांगत नाही. तो काढायचा, टाकायचा. गाळ त्याच्या पोटात असतो आणि पोट शिवलेलं असतं. बंद डबाही कापता येतो, त्यासाठी खास कटर मिळतो. शर्यतीवाले तर दर वेळी कापतात. मी एकदा मित्राचा डबा तसा कापून पाहिला. जमतं. पण कापताना पत्र्याचा नवा कीस आत पडणार नाही इतकी काळजी घ्यावी लागते, आणि एवढा खटाटोप दरसाल कोण करतो? मित्र करत नाही. मीही करणार नाही, हे मला स्वतःविषयी ठाऊक आहे. सोपं करून घेतलं की बघायचंही राहून जातं. इथे तर गाडी चाळीस वर्षांहून जुनी झाली की सरकारची वार्षिक तपासणीही सक्तीची राहत नाही. माझ्या गाडीकडे आता कायद्याने बघणारं कुणी नाही. मीच आहे.

दहा वाजता मी जोडतुकडा आणि काळा डबा खोक्यात परत घातले. मित्राच्या एका ओळखीच्याला ते हवे आहेत. पिवळा कागद घेऊन शेडमध्ये गेलो.

गाडी पंधरा मिनिटं फिरवून आणली होती, तेल कोमट होतं. चेंबरचा नट काढायला जो पाना वापरला तो अण्णांचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी इंची पान्यांचा अख्खा संच गोणपाटात गुंडाळून मला दिला होता. मी तेव्हा इंग्लंडला निघालो होतो आणि हे ओझं कशाला, असं मला वाटलं होतं. अॅम्बॅसिडरचे पाने अॅबिंग्डनच्या गाडीला एका झटक्यात बसतात. त्यातल्या एकाच्या दांड्यावर त्यांनी कानसीने दोन खुणा केल्या आहेत, अंधारात हाताला कळावं म्हणून.

डबा उतरला. सगळ्यात आधी बोल्टवर बघितलं. नमद्याचा वायसर जागेवर. मग डोक्याच्या खाचेत. तिथलं जुनं कडं टाचणीने उचकटून काढावं लागतं, ते चपटं होऊन खाचेच्या रंगाचं झालेलं असतं आणि खाच रिकामीच आहे असं डोळ्याला वाटतं. त्याच्यावर नवं बसवलं तर ते तिरकं बसतं, आणि इंजिन तापलं की तिथून तेल फवारतं. पिशवीतल्या तीन कड्यांपैकी माझ्या गाळणीच्या डोक्याला बसणारं एकच, कारण त्या काळी हे डबे प्युरोलेटर आणि टेकालेमिट अशा दोन्ही कंपन्यांचे यायचे. तिन्ही खाचेत धरून बघितली. एक रुंदीला जास्त, एक सैल. तिसरं तेल लावून बोटाने दाबलं तसं सगळ्या बाजूंनी सारखं आत गेलं.

डबा रॉकेलने धुतला, फडक्याने पुसला. स्प्रिंग, पत्रा, नमदा, प्लेट, कागद. हा क्रम मी तोंडाने म्हणत बसवतो. डबा वर चढवताना तो हाताने फिरवत राहायचा आणि दुसऱ्या हाताने बोल्ट आवळायचा. फिरता फिरता एका क्षणी त्याची कड खाचेत बसते आणि डबा फिरायचा थांबतो. तो क्षण हाताला कळतो. वरून नवं तेल ओतलं, चार लिटरच्या आसपास. प्लग काढले, म्हणजे इंजिन लागणार नाही, आणि नुसता स्टार्टर फिरवला. रिकामा डबा भरेपर्यंत बेअरिंगांवर भार नको. नवव्या-दहाव्या सेकंदाला काटा थरथरला आणि वर सरकला. प्लग परत लावून इंजिन सुरू केलं. काटा पन्नासच्या पुढे जाऊन स्थिरावला. खाली वाकून टॉर्चने कड्याभोवती बघितलं, कोरडं. पाच मिनिटांनी परत बघितलं.

मग जुनं एलिमेंट वर्तमानपत्रावर ठेवलं. ब्लेडऐवजी मी आता कटर वापरतो. बारा वाजत आले होते, म्हणजे साताऱ्यात साडेपाच. व्हिडिओ कॉल लावला. अण्णा गच्चीवर बसले होते, मागे अजिंक्यतारा दिसत होता.

“तो वायसर?” त्यांनी आधी तेच विचारलं.

“आहे, अण्णा. बघितला.”

“मग उलगड.”

मी पहिल्या चार पाकळ्या उघडल्या. कागद काळा होता, एकसारखा काळा, वर्षभराच्या कामाचा. फोन जवळ नेला. पाचव्या पाकळीच्या घडीत काहीतरी बारीकसं लुकलुकलं, की तेलाचा ओला ठिपका होता, मला नीट कळेना.

“थांब, हलवू नकोस,” अण्णा म्हणाले. “चष्मा घेतो. आणि सावलीत काय बसलायस? दाराकडे सरक जरा. ऊन कुठून येतं तुझ्याकडे?”